जुना तंबोरा आणि त्याची जवारी



आपल्या घरीं माळ्यावर, देवघराच्या कोपऱ्यांत किंवा कपाटाच्या मागें गवसणींत गुंडाळलेला एखादा जुना तंबोरा असेल, तर आजचें हें भाषण आपल्याचसाठीं आहे असें समजावें. सोलापूर हें गिरण्यांचें आणि पेठांचें शहर. येथें तंबोरे कोठून असावयाचे, अशी शंका कोणी घेईल. परंतु जेथें भजनाचा नेम आहे, कीर्तनाचा परिपाठ आहे, आणि मुलीला चार चिजा तरी याव्यात अशी हौस बाळगणारीं घरें होऊन गेलीं आहेत, तेथें आळींतून एखादा तरी तंबोरा निघतोच. आमच्या जिल्ह्यांत असे तंबोरे पाहण्याचा, त्यांतले कांहीं स्वतः उघडण्याचा आणि बाकीचे जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करण्याचा योग मला पुष्कळ वेळां आला. त्यांतून जें समजलें तें आज सांगणार आहें.

अशा घरीं गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘याला पॉलिश करून मिळेल का?’ प्रश्न स्वाभाविक आहे. दांडीचा रंग उडालेला असतो, भोपळ्यावरील नक्षीचे तुकडे निखळलेले असतात, खुंट्यांना कोळ्यांनीं वेढलेलें असतें. जें डोळ्यांना दिसतें तेंच आधीं खुपतें. मी मात्र उलट विचारतों, ‘हा दिवाणखान्यांत लावावयाचा आहे, कीं स्वरांत?’ हा शब्दांचा खेळ नव्हे. पहिल्या कामाला एक रंगारी पुरतो. दुसऱ्या कामांत आणखी एक प्रश्न निघतो, आणि तोच खरा महत्त्वाचा : स्वरांत लावावयाचा तर कोणाच्या? तंबोरा हें स्वतःचें गाणें नसलेलें वाद्य आहे. तो कोणाच्या तरी गळ्यासाठीं असतो, आणि त्याचा जीर्णोद्धारही त्या गळ्याकडे पाहूनच करावा लागतो. जुन्या देवळाचा किंवा जुन्या पोथीचा जीर्णोद्धार करतांना आपण मूळ रूपाकडे परत जाऊं पाहतों. तंबोऱ्याला तसें मूळ रूप पुरतें सांपडत नाहीं. सांपडलें तरी त्याचा उपयोग असेलच असें नाहीं.

वाद्य हातीं घेण्यापूर्वीं तें कशाचें झालें आहे हें जाणून घेणें बरें. तंबोऱ्याचा भोपळा आमच्याच जिल्ह्यांतला. पंढरपूर आणि मंगळवेढें यांच्या आसपास, भीमेच्या कांठच्या शेतांत हे भोपळे पिकतात. कूळ दुध्या भोपळ्याचेंच. पण चवीला कडू, त्यामुळें भाजीच्या कामाचे नव्हेत. हा कडूपणा किडीला दूर ठेवतो असें कारागीर सांगतात. वेल वाळेपर्यंत भोपळा शेतांतच राहूं द्यावा लागतो, आणि तोडल्यावरही महिनेन् महिने सुकवावा लागतो. कोरडी हवा त्याला मानवते. अवेळीं पाऊस आला कीं कवचावर डाग पडतात आणि एखाद्या ठिकाणीं तें आंतून मऊ होतें. पुरुषांच्या तंबोऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो. एवढा मोठा, सर्व बाजूंनीं सारखा आणि जाड कवचाचा भोपळा शेतांतून क्वचितच मिळतो. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झाल्यावर भीमेच्या या पट्ट्यांत ऊस पसरला. उसाच्या शेजारीं जो शेतकरी कोणीही न खाणारा कडू भोपळा वाट पाहून पिकवितो, त्याचें मला फार कौतुक वाटतें. मैफलींत टाळ्या पडतात त्यांतली एखादी त्याच्या वांट्याला जावयास हरकत नाहीं.

भोपळा सोलापूर जिल्ह्याचा, तर हात मिरजेचा. मिरजेंतला वाद्यें करण्याचा धंदा दुरुस्तींतून जन्मला, असें तेथें परंपरेनें सांगतात. मिरज संस्थानांत गायक-वादक येत. त्यांचीं वाद्यें बिघडलीं कीं उत्तरेकडे पाठवावीं लागत. सुमारें १८५० च्या सुमारास शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांनीं हें काम हातीं घेतलें, आणि दुरुस्तीवरून ते नवीं वाद्यें घडविण्यापर्यंत पोंचले. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारीचा काळ सरत चालला होता. ज्या हाताला पोलादाच्या धारेवरचा केसाएवढा उंचसखलपणा बोटाला कळत होता, तोच हात तंबोऱ्याच्या घोडीकडे वळला. या दोन कामांत कानस एकच आहे, हें पुढें जवारीची गोष्ट निघेल तेव्हां ध्यानांत येईल. याच मिरजेंत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. येथेंच अब्दुल करीमखांसाहेब राहिले आणि १९३७ सालीं ते दक्षिणेच्या प्रवासांत निवर्तल्यावर त्यांचें दफनही येथेंच झालें. खांसाहेब वाद्यांची दुरुस्ती स्वतः करीत, जवारीही स्वतः काढीत, असें त्यांच्या शिष्यपरंपरेंत सांगतात. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकतांना हें सहज पटतें. भोपळ्याचा मुलूख आणि तंबोऱ्याचें गांव हीं दोन्हीं १९२७ सालीं बार्शी लाइट रेल्वेनें एकमेकांस जोडलीं. त्या वर्षीं तिची अरुंद वाट पंढरपुराहून पुढें मिरजेपर्यंत पोंचली. २०२४ सालीं मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. मान मिळाला हें चांगलेंच झालें. पण तो वाद्याच्या जन्मगांवाचा मान आहे, आपल्या कोपऱ्यांतल्या तंबोऱ्याची काळजी त्यानें वाहिली जात नाहीं.

आतां तो कोपऱ्यांतला तंबोरा बाहेर काढूं. गवसणी काढल्यावर ओल्या फडक्याला हात लावूं नये. मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी, कोरड्या सुती कापडानें पुसावें, आणि मग बोटाच्या पेरानें भोपळ्यावर जागोजाग टिचकी मारून ऐकावें. चांगला भोपळा सगळीकडे एकसारखा, कोरडा आणि टणक बोलतो. जेथें आवाज बसका येतो तेथें चीर असते, किंवा पूर्वीं कोणी लुकण भरलेलें असतें, किंवा आंत कीड असते. भोपळ्याची चीर ही भीतीची गोष्ट नव्हे. ती आंतून सरस आणि लांकडाचा भुसा यांनीं भरून वर कापडाची पट्टी चिकटविली कीं आणखी एक पिढी जाते. मग गळा पाहावा. भोपळा आणि दांडी जेथें मिळतात तो सांधा उघडला असेल तर तारा ताणतांच दांडी पुढें झुकते. नंतर दांडीच्या टोकाशीं डोळा लावून, सुतार फळी पाहतो तसें पाहावें, म्हणजे ती धनुष्यासारखी वांकली आहे कीं काय हें कळतें. शेवटीं तबली. भोपळ्याच्या तोंडावरच्या या लांकडी झांकणावर घोडी उभी असते, आणि तिच्यावर चार तारांचा मिळून १५-२० किलोंचा ताण अहोरात्र असतो. घोडीच्या खालीं तबली किंचित् फुगीर असावयास हवी. ती खचली असेल तर तारांचा कोन बिघडतो, आणि मग वर कितीही कारागिरी केली तरी नाद मोकळा होत नाहीं.

आमच्या सोलापूरची हवा यांतल्या निम्म्या दोषांची धनी आहे. वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, तुणीचें लांकूड आकसतें, आणि सांधे सुटतात. मृगाच्या पावसाबरोबर तेंच लांकूड फुगतें आणि खुंट्या जागच्या हालेनाशा होतात. तंबोरा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवणें म्हणजे त्याला भट्टींत ठेवण्यासारखेंच आहे. जमिनीवरच्या खोलींत, बाहेरच्या भिंतीला न टेकवितां, आडवा ठेवलेला बरा. महिनोन् महिने वाजणार नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात, अगदीं सोडूं नयेत. पण खरें औषध म्हणजे वापर. पंढरपूरकडे सप्ताहांत वीणा खालीं ठेवीत नाहींत. पहारा बदलतो, विणेकरी बदलतो, वीणा उभ्या माणसाच्या गळ्यांतच राहते. दिवसरात्र घामट हातांतून फिरणाऱ्या अशा वीणा मीं पाहिल्या आहेत, आणि कपाटांत जपून ठेवलेल्या कित्येक तंबोऱ्यांपेक्षां त्यांची प्रकृति चांगली आढळली आहे.

एक हकीकत सांगतों. सोलापुरांतल्या एका जुन्या वाड्यांतून मला बोलावणें आलें. घरांत ऐंशी उलटलेल्या आजी होत्या, आणि पुण्यास नोकरीला असलेला त्यांचा नातू सुटीवर आला होता. तंबोरा आजींच्या सासऱ्यांनीं मिरजेहून आणलेला. त्यांच्या मागें आजी त्याच्यावर भजनें म्हणूं लागल्या. पुढें गुडघे धरले, भजनी मंडळ पांगलें, आणि तंबोरा पंचवीस वर्षें कोपऱ्यांत उभा राहिला. नातवानें प्रेमानेंच, परंतु कोणालाही न विचारतां, तो एका दुकानांत नेऊन त्यावर मेज-कपाटांना देतात तसलें जाड रोगण देवविलें होतें. भोपळा आरशासारखा चमकत होता. दुकानदारानें घोडीचा माथाही कांच-कागदानें घासून सपाट करून दिला होता, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नव्हते. “काका, वरून एक दिवा सोडला कीं दिवाणखान्याला शोभा येईल,” नातू मला म्हणाला. आजी पलंगावरून म्हणाल्या, “शोभा राहूं दे रे बाळा. वाजेल का तो, एवढें विचार त्यांना.”

मीं तारा छेडून पाहिल्या. आवाज निघाला; पण तो डब्यावर दोरी ताणून ओढावी तसा. तबलीवरच्या रोगणाच्या थरानें तिचें बोलणें बंद केलें होतें, आणि घोडी तर मुकीच झाली होती.

येथें घोडीविषयीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे, कारण तंबोऱ्याचा प्राण तिथेंच आहे. व्हायोलिनची घोडी पातळ धारेची असते; तार तिच्यावर एका बिंदूला टेकते आणि तेथून सुटते. तंबोऱ्याची घोडी रुंद, चौरंगासारखी. तिचा माथा वरवर पाहिला तर सपाट वाटतो. प्रत्यक्षांत तो माशाच्या पाठीसारखा अगदीं मंद उताराचा असतो. तार या उतारावर निजलेली असते. ती छेडली कीं कंप पावतांना उतारावर कधीं जास्त टेकते, कधीं कमी. तिचा सुटण्याचा बिंदु पुढें-मागें सरकत राहतो, आणि या सूक्ष्म घर्षणांतून मूळ स्वराच्या अंगांत दडलेले वरचे वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. हीच जवारी. उतार अधिक पसरट ठेवला तर नाद मोकळा, झणत्कारी होतो, त्याला खुली जवारी म्हणतात. उतार लौकर तोडला तर नाद गोल व आवरलेला राहतो, ती बंद जवारी. सर्व फरक कानशीच्या दोन-चार हातांचा. अनुभवी कारागीर एक हात मारतो, तार चढवितो, ऐकतो, तार उतरवितो, पुन्हां एक हात मारतो. असें दिवसभर चालतें. घाई करणाऱ्याच्या हातीं घोडी दिली तर ती बुटकी होत जाते आणि जवारी मिळत नाहीं ती नाहींच.

या उताराचें शास्त्रीय महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या ध्यानांत आलें होतें. आपल्या तंतुवाद्यांवरचा त्यांचा निबंध १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. तारेच्या कंपनाचा एक जुना नियम असा कीं, ज्या बिंदूवर तार छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर निघूं नयेत. तार बरोबर मध्यावर छेडली तर तिचा दुपटीचा स्वर ऐकूं येतां कामा नये. तंबोरा आणि वीणा हीं वाद्यें हा नियम पाळीत नाहींत, असें रामन यांनीं दाखविलें, आणि त्याचें कारण घोडीच्या या रुंद, उतरत्या माथ्यांत आहे असें सांगितलें. आमच्या कारागिरांनीं हें समीकरण मांडलें नव्हतें. त्यांनीं तें कानशीनें घासून काढलें होतें.

या उपस्वरांतला पांचवा स्वर म्हणजे गवयांचा स्वयंभू गांधार. खर्जाची तार उत्तम लागली आणि जवारी जुळली, म्हणजे कोणी न छेडतां, कोणी न गातां, शुद्ध गांधार हवेंत तरंगूं लागतो. त्याचें षड्जाशीं नातें ५ : ४ असें नेमकें असतें. हार्मोनियमचा गांधार याहून किंचित् चढा असतो. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्यांना तो बोचतो. याच नभोवाणीनें १९४० सालीं हार्मोनियमला दरवाजा बंद केला होता आणि ती बंदी तीन दशकें टिकली, हें आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल किंवा वडिलांकडून ऐकूं आलें असेल. ती बंदी मला अतिरेकी वाटते. गरीब भजनी मंडळाच्या पेटीनें कोणाचें वाईट केलें नाहीं. पण शिकणाऱ्या मुलाचा कान आधीं तंबोऱ्याच्या गांधारावर बसावा, या आग्रहांत मात्र तथ्य आहे.

आजींचा तंबोरा मीं मिरजेस नेला. तेथल्या वयस्क कारागिरानें तो मांडीवर घेतला, रोगणाकडे पाहून एक नि:श्वास सोडला, आणि दुकानदाराविषयीं एक शब्दही न काढतां कामाला लागला. भोपळ्यावरचें रोगण त्यानें तसेंच राहूं दिलें. तेथें तें फारसें आड येत नाहीं आणि खरवडतांना जुन्या नक्षीचें नुकसान झालें असतें. तबलीवरचें मात्र त्यानें तसूतसूनें काढलें. वाफ देऊन सरसाचा सांधा सोडविला, तबली उचलली. जुन्या कामांत सरस वापरीत हा आपल्यावर उपकारच आहे. तो उष्णतेनें नरमतो आणि लांकूड न फाटतां सांधा उघडतो. हल्लींचे पांढरे, न सुटणारे चिकटे ज्यांनीं जुन्या वाद्याला लावले त्यांनीं पुढच्या दुरुस्तीची वाट बुजविली, हें मला स्पष्ट सांगितलें पाहिजे. खचलेल्या तबलीला आंतून पातळ लांकडी पट्टीचा आधार दिला. मीं म्हटलें, पट्टी जरा जाड घातली तर पुन्हां खचणार नाहीं. कारागीर म्हणाला, “साहेब, मग ती पाट होईल, तबली राहणार नाहीं.”

घोडी जुनी, हस्तिदंती माथ्याची होती. हस्तिदंताचा व्यापार आतां कायद्यानें निषिद्ध आहे, तेव्हां नवा माथा उंटाच्या हाडाचा घातला. पुष्कळ लोक कृत्रिम फायबरचा घालतात. तो लौकर झिजत नाहीं, पण माझ्या कानाला हाडाचा नाद अधिक मऊ वाटतो. जुना माथा घरच्यांच्या स्वाधीन केला.

मग तो प्रश्न पुढें आला : कोणत्या स्वराला लावावयाचा? नातवाचें म्हणणें, पणजोबांच्या वेळीं होता तसाच व्हावा. पणजोबांची पट्टी काळी एक; वाद्यही त्याच बेताचें, मोठ्या भोपळ्याचें, लांब दांडीचें. आजी तरुणपणीं काळी चारमध्यें गात. त्या काळीं त्यांनीं याच पुरुषी तंबोऱ्यावर बारीक तारा चढवून त्या भरपूर ताणल्या होत्या. तबली खचण्याचें एक कारण तेंही असावें. तारेचा ताण चौपट करावा तेव्हां स्वर दुप्पट चढतो, हें गणित तबलीलाच भोगावें लागतें. आतां वयानें आजींचा आवाज पांढरी तीनपर्यंत उतरला होता. म्हणजे तो उतरतां उतरतां या तंबोऱ्याच्या जवळ आला होता. आम्हीं पणजोबांची पट्टी सोडली, आजींचीही जुनी सोडली, आणि पांढरी तीनलाच जवारी काढावयाची ठरविली. हें ठरविल्यावांचून जवारी काढतां येत नाहीं. तारेची जाडी, तिचा ताण आणि घोडीचा उतार हीं एकमेकांशीं बांधलेलीं असतात; काळी एकला उमललेली जवारी काळी चारला मिटून जाते.

तारांविषयीं दोनच गोष्टी सांगतों. तारेचा नंबर जसा मोठा तशी तार बारीक, हें दुकानांत ध्यानांत ठेवावें. पुष्कळ जण येथें उलट समजतात. मधली जोडी पोलादी आणि खर्ज पितळी, हा साधारण रिवाज. पहिली तार पट्टीप्रमाणें निवडावी. ती बहुधा पंचमाला लागते, मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला मध्यमाला, आणि मारवा-पूरियासारख्या ठिकाणीं निषादाला. खुंट्या घसरत असतील तर त्यांना खडू लावावा, अडकत असतील तर किंचित् साबण. लावतांना आधीं जोडी गायकाच्या षड्जाला मिळवावी, मग खर्ज, मग पंचम. कारण एक तार चढविली कीं तबली दबते आणि बाकीच्या तारा किंचित् उतरतात. शेवटचा सूक्ष्म फरक मण्यांनीं काढावा.

आणि मग सूत. घोडी आणि तार यांच्या मध्यें एक साधा सुती धागा घालून तो हळूहळू पुढें सरकवितात. एका जागीं नाद मिटलेला असतो. धागा अर्ध्या जवाएवढा हलला कीं एकदम फुलतो. आणखी हलला कीं पुन्हां मावळतो. चारही तारांना त्या एका जागेवर आणावयाचें. दिवसांतून हवा बदलली कीं धाग्याची जागाही बदलते. ज्या शहरांत गिरण्यांच्या भोंग्यांवर एके काळीं घड्याळें लावीत, त्या आमच्या सोलापुरांत याला सुताची वाण पडूं नये. पण धागा फार पिळाचा नको. साध्या सुताचा एक पदर पुरे.

तंबोरा परत आला त्या दिवशीं नातू पुण्याहून आला होता. आजींना मांडी घालून बसतां येईना, म्हणून तंबोरा पलंगावर आडवा ठेवला. त्यांनीं बोटें फिरविलीं. पहिल्या दोन आवर्तनांत त्या कांहींच बोलल्या नाहींत. मग नातवाला म्हणाल्या, “ऐकूं येतो का रे गांधार?” त्याला येईना. तो कान भोपळ्याला लावून बसला, आणि पांच-सात मिनिटांनीं त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलें कीं त्याला तो सांपडला. दिवाणखान्याचा दिवा मात्र तसाच राहिला. त्याच्याखालीं आतां नुसती भिंत आहे, असें त्यानें मला पुढें सांगितलें.

विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्यांविषयीं श्रोते हटकून विचारतात. हातांतल्या दूरध्वनीवरही आतां तंबोरा वाजतो. प्रवासांत, पहांटेच्या रियाजाला, एकट्या विद्यार्थ्याला ही मोठी सोय आहे, आणि मी ती वापरणाऱ्यांना हंसत नाहीं. परंतु तो यंत्रांतला तंबोरा कोणातरी दुसऱ्याच्या जवारीचा ठसा वाजवीत असतो. आपल्या घरांत जर भोपळ्याचा तंबोरा आहे, तर यंत्र घेऊन तो अडगळींत टाकणें मला बरें वाटत नाहीं. कारण जवारी काढणारे हात वाद्यें येत राहतील तोंवरच टिकतील, आणि हें काम पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. गुरूच्या शेजारीं बसून बिघडविलेल्या घोड्यांच्या राशींतून तें येतें. ज्याच्याकडे महिन्याला चार घोड्याही येत नाहींत तो आपल्या मुलाला या धंद्यांत कशाला बसवील?

तेव्हां तंबोरा मिरजेस न्यावयाचा ठरलाच, तर वाटेची तयारी नीट करावी. तारा एकदम सोडूं नयेत. चारही खुंट्या थोड्या थोड्या, आलटून-पालटून उतराव्यात, म्हणजे तबलीवरचा ताण एका बाजूनें सुटणार नाहीं. पुष्कळ तंबोऱ्यांत घोडी चिकटविलेली नसते, केवळ तारांच्या दाबानें उभी असते. म्हणून ताण जाण्यापूर्वीं तबलीवर तिच्या पायांभोवतीं शिसपेनानें बारीक खूण करून ठेवावी. ती जागा हरवली तर कारागिराचा अर्धा दिवस तिच्या शोधांत जातो. घोडी कापडांत गुंडाळून वेगळी घ्यावी. मणी एका चिंधींत बांधून खुंटीला अडकवावेत. भोपळ्याखालीं जुनें पातळ चौपदरी करून ठेवावें, गाडींत तंबोरा आडवा ठेवावा आणि त्याच्या गळ्यावर कोणतेंही सामान रेलूं देऊं नये. आणि ज्यांना त्यावर गावयाचें आहे त्यांनीं, शक्य असेल तर, स्वतः बरोबर जावें. कारागीर घोडीला कानस लावण्याच्या आधीं आपल्याला म्हणेल, ‘एकदां सा लावा.’ तो लाजतां न लावावा. आणि आवाज मोठा न काढतां, घरीं जसा निघतो तसाच लावावा.